तळ्याचा संसार
(नभोवाणीवरील भाषण)

नागपूरहून पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाडीनें वैनगंगा ओलांडली कीं खिडकींतून दिसणारा देखावा पालटतो. कपाशीचें मोकळें रान मागें पडतें, धानाच्या लहान लहान बांध्या दिसूं लागतात आणि त्यांच्या वरच्या अंगाला मधून मधून पाणी चमकतें. हें पाणी तळ्यांचें आहे. भंडारा जिल्हा आणि १९९९ सालीं त्यांतून निराळा झालेला गोंदिया जिल्हा हे तळ्यांचे जिल्हे म्हणून पूर्वापार प्रसिद्ध आहेत. शेजारचे चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर हे जिल्हे धरले तर जुन्या मालगुजारी तळ्यांची संख्या साडेसहा हजारांवर जाते. सरकारी दप्तरांत यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असें नांव आहे. लोकांनीं त्यांतलीं आद्याक्षरें घेऊन ‘मामा तलाव’ असें सुटसुटीत नांव करून टाकलें. नांव थट्टेचें वाटलें, तरी गांवाच्या पोटापाण्याची काळजी वाहणाऱ्या तळ्याला मामाचें नातें शोभतें यांत शंका नाहीं.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबाला तळें म्हटलें म्हणजे बहुधा दोन गोष्टी आठवतात: शेताला पाणी देणारा सांठा, किंवा सुटीच्या दिवशीं पाहावयाची रम्य जागा. खेड्यांतलें तळें याहून पुष्कळ मोठें असतें. तो एक एकत्र कुटुंबाचा संसार आहे. त्यांत धान आहे, मासे आहेत, पक्षी आहेत, पाळीवरचीं फळझाडें आहेत, गुरें आहेत आणि या सर्वांवर पोट भरणारीं माणसें आहेत. यांपैकीं एकाच्याच सोयीकडे पाहून संसार चालवूं गेल्यास बाकीचे उपाशी राहतात. आणि शेवटीं ज्याच्या सोयीसाठीं हें केलें, तोहि उपाशी राहतो. गेल्या सत्तर वर्षांत या तळ्यांची जी कथा झाली, तिचें सार एवढेंच आहे.

प्रथम हीं तळीं झालीं कशीं तें पाहूं. या भागांत वर्षाला सुमारे ५० इंच पाऊस पडतो. परंतु तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडून जातो. धान निसवण्याच्या सुमारास, भाद्रपद-आश्विनांत, पावसानें डोळे वटारले तर हातचें पीक जातें. त्या एका पाण्यासाठीं तळें हवें. हें काम मुख्यतः कोहळी समाजानें केलें. चांद्याच्या गोंड राजांनीं या लोकांना काशीकडून आणलें, आणि जो तळें बांधील त्याला त्याच्या पाण्याखालीं भिजणारी जमीन मिळेल असें अभय दिलें, असें परंपरा सांगते. परंपरेंतील तपशील कांहींहि असो, कोहळ्यांचें कसब मात्र डोळ्यांपुढें उभें आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधलेला नवेगांव बांध हा या सर्वांत मोठा. जुन्या गॅझेटियरांत त्याचा परीघ १७ मैल दिला आहे. डोंगरांच्या मधल्या खिंडी तेवढ्या मातीनें अडवून एवढें पाणी उभें केलेलें पाहिलें म्हणजे त्या पाटलाची नजर केवढी पारखी असली पाहिजे हें लक्षांत येतें. लोकांनीं त्याला पुढें देवच केलें. कोलासूर या नांवानें तो आजहि तळ्याच्या परिसरांत पुजला जातो. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकानें हें तळें मराठी घरोघरीं पोंचविलें, त्यामुळें अनेक वाचकांना तें न पाहतांहि परिचयाचें आहे.

तळ्याचीं अंगें मोजकीं असतात. उताराच्या खालच्या बाजूस मातीची जाड पाळ. पाळींतून पाणी सोडण्यासाठीं जी रचना असते तिला तुडूम म्हणतात. तिच्यांत वेगवेगळ्या उंचीवर भोकें असतात, आणि पाणी जसजसें उतरेल तसतसें खालचें भोक मोकळें करावयाचें असतें. जास्तीचें पाणी ज्या वाटेनें निघून जातें ती सलंग. एका-दोघां शेतकऱ्यांच्या बांध्यांपुरत्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. तुडुमाच्या सर्वांत खालच्या भोकाखालीं जें पाणी उरतें तें शेताकडे जाऊं शकत नाहीं. तें उन्हाळ्यांत गुरांचें, रानांतल्या जनावरांचें आणि माशांच्या बियाण्याचें. संसारांत आजीच्या हातीं थोडी शिल्लक ठेवावी, तशीच ही शिल्लक होय.

परंतु तळ्याचा खरा जीव पाळीपाशीं नसून तिच्या समोरच्या कांठाला असतो. तेथें जमीन हळूहळू चढत जाते आणि पाणी वीतभर, हातभर असें पसरतें. शेतीच्या दृष्टीनें हें पाणी कुचकामाचें. उन्हानें लवकर आटणारें. पण याच पट्ट्यांत वनस्पतींचीं वर्तुळें एकामागून एक लागलेलीं असतात. खोल बाजूस पाण्याखालीं राहणारा चिला, त्याच्या अलीकडे कमळ आणि पोयना, मग शिंगाड्याचे वेल, त्याच्याहि अलीकडे कांठाला देवधान. देवधान म्हणजे आपोआप उगवणारें, आपोआप झडणारें रानटी भात. कोणीं पेरलें नाहीं म्हणून तें देवाचें.

या वनस्पतींवर काय काय चालतें हें पाण्याच्या पृष्ठावरून दिसत नाहीं. त्यांच्या बुडख्यांना शेवाळाचा बुळबुळीत थर येतो, त्यावर सूक्ष्म जीव जगतात, त्या जीवांवर माशांचीं पिलें. मरळ याच झुडपाटींत घरटें करते आणि आईबाप दोघेहि आपल्या पिलांच्या तांबूस थव्याची राखण करतात. सिंगी आणि मागूर यांना चिखलाचें, कमी प्राणवायूचें पाणीहि चालतें. पाण्यावर येऊन हवा गिळण्याची सोय निसर्गानें त्यांना दिली आहे. पहिल्या मोठ्या पावसाबरोबर अनेक मासे प्रवाहावर चढून बांध्यांत जातात, तेथें अंडीं घालतात, आणि पाणी उतरूं लागलें कीं मोठ्यांबरोबर लहानगेहि तळ्यांत परततात. म्हणजे माशांचें बाळंतघर शेतांत, आणि शेताचें पाणी तळ्यांत. मग शेत कोठें संपलें आणि तळें कोठें सुरू झालें?

पक्ष्यांचेंहि तसेंच. हिंवाळ्यांत उत्तरेकडून बदकांचे थवे उतरतात. कमळपक्षी लांब बोटें पसरून पानांवरून चालतो, आणि त्याच्या कुळांत अंडीं उबविण्याचें काम नर करतो. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यांतून डोकावते. पाणकावळे आणि बगळे पाळीवरच्या झाडांवर रात्रीची वस्ती करतात, आणि त्यांची विष्ठा पुन्हा पाण्याला खत होते. पाळीच्या पायथ्याशीं आणि आसपासच्या आमराईंत आंबा, जांभूळ, उंबर, मोह उभे असतात. मोहाचीं फुलें चैत्राच्या सुमारास रात्रीं उमलतात. त्यांचें परागण करणारीं मुख्यतः फळें खाणारीं वटवाघुळें. पहाटे झडलेलीं फुलें खेड्यांतल्या बायकामुलें वेंचून नेतात, आणि उरलेलीं अस्वलें नेतात. कांठावरच्या अर्जुनसादड्याच्या पानांवर कोशाचे किडे पोसतात, आणि हा कोशाचा धंदाहि पूर्वापार ढिवरांच्या हातीं आहे. ढिवर म्हणजे या भागांतील मच्छीमार. त्यांच्या मालकीची जमीन बहुधा नसते. मासे, शिंगाडे, कमळकंद आणि कोसा हेंच त्यांचें शेत. तळें आटलें तर कुणब्याचें एक पीक बुडतें. ढिवराचें सारें घर बुडतें.

या संसाराला कारभारी होता मालगुजार. तो सारा वसूल करी, आणि त्याच्या बदल्यांत पाळीची डागडुजी, तुडुमाची राखण, पाण्याची वांटणी यांची जबाबदारी त्याच्याकडे असे. या व्यवस्थेचें गुणगान करण्याचें कारण नाहीं. पाळीवर माती टाकणारे हात पुष्कळदां वेठीचे होते, आणि पाण्याच्या कारभारांत ढिवराला कोणी मत विचारीत नसे. ती पद्धत गेली हें योग्यच झालें. जुन्या मध्यप्रदेशांत १९५० सालीं कायदा झाला आणि १९५१ सालीं मालगुजारी संपली; तळीं सरकारजमा झालीं. परंतु कारभारी गेला आणि त्याच्या जागीं कारभार असा कोणाचाच राहिला नाहीं. मोठीं तळीं पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. मासे मच्छीमार सहकारी संस्थांच्या ठेक्यावर. कांठची जमीन महसूल खात्याची, तर पलीकडचें रान वन खात्याचें. एका घरांत पांच चुली झाल्या. प्रत्येकाला आपल्यापुरतें तळें दिसूं लागलें.

पाळ फुटली तर ती कोणीं बांधावी याचा निर्णय होईतों पावसाळा संपे. गाळ सांचत गेला. पाणी मागें हटलें तसा उथळ कांठ नांगराखालीं गेला, आणि पूर्वीं देवधान उगवत होतें तेथें अतिक्रमणाचे बांध पडले. त्यांतच बेशरम नांवाचें झुडूप आलें. हें मूळचें अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतील. फूल जांभळट गुलाबी, दिसावयाला देखणें. पण जनावर त्याला तोंड लावीत नाहीं, आणि तोडून फेकलेली काडीहि ओल मिळतांच मूळ धरते. या गुणांवरूनच त्याला हें नांव पडलें. कांठचीं वर्तुळें त्यानें एकामागून एक गिळलीं.

याच काळांत माशांच्या बाबतींतहि एक मोठी घटना घडली. कतला, रोहू आणि मृगल हे गंगेकडचे मोठे मासे भराभर वाढतात, पण सांचलेल्या पाण्यांत वीत नाहींत. त्यांना पावसाळी नदीचा ओघ लागतो. १९५७ सालीं कटक येथें डॉ. हिरालाल चौधुरी यांनीं माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोंचून या जातींना हौदांत अंडीं घालावयाला लाविलें. भारतीय मत्स्यशेतीचा हा पायाच होय, आणि त्यामुळें लक्षावधि लोकांच्या ताटांत स्वस्त मासा आला हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. तथापि तळ्यांत हें बीज सोडतांना एक हिशेब चुकला. माशांची शेती म्हटली कीं पाणवनस्पति हें तण ठरलें. तें उपटा, किंवा तें खाणारा गवत्या मासा सोडा, असा सल्ला मिळूं लागला. सायप्रिनस नांवाचा परका मासा तळाचा चिखल उकरूं लागला, त्यानें पाणी गढूळ झालें आणि उरलेल्या वनस्पतींना ऊन मिळेनासें झालें. मरळ, मागूर, सिंगी यांचें बाळंतघरच मोडलें. पूर्वीं ज्या तळ्यांत माशांचें बियाणें आपोआप तयार होई, तेथें आतां तें दरवर्षीं विकत आणावें लागतें. आणि पाऊस लांबला, पाळ फुटली कीं विकतचें बीज वाहून जातें व सोसायटीच्या माथीं कर्ज तेवढें राहतें. माशांच्या सोयीसाठीं तळें साफ केलें, आणि मासाच गेला.

ही कथा येथेंच संपली असती तर ती सांगण्यांत अर्थ नव्हता. या शतकांत गोंदिया जिल्ह्यांतल्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांत कांहीं ढिवर कुटुंबांनीं, आणि त्यांतहि विशेषतः स्त्रियांनीं, तळीं पुन्हा मांडावयाला घेतलीं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था त्यांच्या पाठीशीं उभी राहिली. त्यांनीं पहिलें काम केलें तें वृद्धांना विचारण्याचें: कोणता मासा कोणत्या वनस्पतींत अंडीं घालतो, कोणतें गवत कोठें उगवत असे, कोणता पक्षी कधीं येई. पुस्तकांत न सांपडणारी ही माहिती ढिवरांच्या तोंडीं शिल्लक होती. मग उन्हाळ्यांत तळें आटलें असतां बेशरम मुळासकट खणून काढली. वर वर छाटून ती जात नाहीं. कांठची कडक झालेली जमीन नांगरून भुसभुशीत केली. पावसाळ्याच्या तोंडीं, जेथें जुन्या वनस्पति टिकून होत्या अशा तळ्यांतून रोपें आणून ज्या त्या खोलीवर लाविलीं. काम चिखलाचें, उन्हाचें आणि कंबर मोडणारें. ज्या तळ्यांत तें नेटानें झालें, तेथें स्थानिक मासे आणि पाणपक्षी पुन्हा दिसूं लागले. ज्या स्त्रियांना तळ्याच्या कारभारांत पूर्वीं कोणी बोलावीत नव्हतें, त्या सभेंत बसून तळ्याविषयीं बोलूं लागल्या, हें फळ माशांपेक्षां लहान म्हणतां येणार नाहीं.

याच प्रदेशांत दुसरी एक राखण चालली आहे, ती सारसाची. उडणाऱ्या पक्ष्यांत हा जगांत सर्वांत उंच. पूर्ण वाढलेला सारस माणसाच्या खांद्याला खांदा लावील. जोडीनें राहतो, आणि उथळ पाण्यांत किंवा थेट धानाच्या बांधींत गवताचा ढीग रचून बहुधा दोन अंडीं घालतो. महाराष्ट्रांत आज तो जवळजवळ या तळ्यांच्या प्रदेशापुरताच उरला आहे. या शतकाच्या आरंभीं त्याची संख्या बोटांवर मोजण्याइतकी झाली होती. पुढें ती तीस-चाळीसच्या आसपास पोंचली. हें श्रेय गोंदियाच्या ‘सेवा’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांना आणि ज्यांच्या बांधींत घरटें होतें त्या शेतकऱ्यांना आहे. घरट्यापायीं थोडें धान तुडविलें जातें. महिनाभर तेवढा तुकडा सोडून काम करावें लागतें, कुत्र्यांवर नजर ठेवावी लागते. शेतकरी हें सोसतो. पण विजेच्या तारा, शेतांतलीं विषारी औषधें आणि आटत चाललेला उथळ कांठ यांपुढें एकट्या शेतकऱ्याची माया पुरी पडणारी नाहीं. तीस-चाळीस पक्षी म्हणजे एखाद्या वाईट वर्षानें पुसून टाकावी एवढीच संख्या.

आणि येथेंच आजचा प्रश्न उभा राहतो. २०१७ सालीं ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना निघाली. तळ्यांतला गाळ काढून शेतांत टाकावा हा विचार उत्तम आहे. तो गाळ शेताचाच आहे. परंतु यंत्र तळ्यांत उतरलें कीं त्याला एकच भाषा समजते, खोलीची. कांठापासून कांठापर्यंत सारखें खोल खणलें तर पाण्याचा आंकडा वाढतो, आणि तळें हौद होतें. उथळ पट्टा गेला म्हणजे देवधान गेलें, मरळीचें घर गेलें, सारसाचें घरटें गेलें. म्हणून खोली पाळीकडे वाढवावी. चढता कांठ आहे तसा सोडावा. आणि फावडें लावण्यापूर्वीं गांवच्या ढिवराला विचारावें. एवढें पथ्य सांभाळलें तर खर्च कमी होतो आणि संसार टिकतो.

शहरांतल्या पुष्कळ कुटुंबांची गांवीं चार-दोन एकर जमीन असते, किंवा अलीकडे हौसेनें घेतलेली असते. त्यांनाहि या जुन्या तळ्यांपासून शिकण्यासारखें आहे. २०१६ सालच्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनें शेततळें हा शब्द सर्वतोमुखीं झाला. ज्या जमिनींत पाणी ठरत नाहीं तेथें प्लास्टिक अंथरावें लागतें हें खरें; पण त्याच्या निसरड्या उभ्या कडांवरून हरणें, वासरें आंत पडतात आणि त्यांना वर येतां येत नाहीं. अशा तळ्याला कुंपण आणि एका बाजूस चढून येण्याजोगी खरबरीत वाट अवश्य असावी. जेथें चिकण माती आहे तेथें प्लास्टिकच्या मोहांत न पडतां एक बाजू लांब उताराची ठेवावी आणि त्या उतारावर आसपासच्या जुन्या तळ्यांतल्या वनस्पति आणून लावाव्या. मध्यें एक खोल डोह असावा व तो उन्हाळ्यांतहि पुरता उपसूं नये. रोहू-कतला जरूर सोडावे. पण उभें तळें त्यांच्याच नांवावर करूं नये. थाई मांगूर या नांवानें विकला जाणारा आफ्रिकेचा मासा तर कायद्यानेंच निषिद्ध आहे. तो पुरांत निसटला तर ओढ्यांतले देशी मासे फस्त करतो.

फळझाडें निवडतांना वर्षाचें पंचांग पुढें ठेवावें. हिंवाळ्यांत बोर, चैत्रांत मोह, वैशाख-ज्येष्ठांत आंबा, मृगाच्या पावसाबरोबर जांभूळ, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांत उंबर. म्हणजे माणसाला आणि पाखराला बहुतेक महिने कांहीं ना कांहीं मिळत राहतें. झाडें पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशीं, थोडें अंतर सोडून लावावीं. मोठें झाड पाळीवरच वाढलें आणि पुढें वठलें, तर कुजलेल्या मुळांच्या वाटेनें पाणी पाझरतें व पाळ फुटते. शेंड्याकडचीं फळें उतरविण्याचा अट्टाहास धरूं नये. तीं पाखरांच्या वांट्याचीं समजावीं. पाखरेंहि त्यांची भरपाई अळ्या वेंचून आणि बी पेरून करीत असतात.

जुन्या पाटलांनीं तुडुमाच्या खालीं थोडें पाणी मुद्दाम राखलें होतें. तें कोणाच्या शेतांत जात नसे, म्हणून कोणाच्याच हिशेबांत येत नसे. परंतु वैशाखांत सारें शिवार करपलेलें असतां गुरें त्याच पाण्यावर येत, पाखरें तेथेंच उतरत, आणि पुढच्या पावसाळ्याचे मासे त्याच चिखलांत जीव धरून असत. जमिनीचा धनी कोणीहि असो, सरकार असो, सोसायटी असो कीं शहरांत राहणारा एखादा गृहस्थ असो, त्यानें एवढें पाणी आणि हातभर उथळ कांठ आपल्या हिशेबाबाहेर सोडावयाला शिकलें पाहिजे. तेवढें सुटलें तर मामाचें घर भाच्यांना पुढेंहि उघडें राहील.